आधी अजिंठा, मग लंडन

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात सूतगिरणी चौकापासून गजानन महाराज मंदिरापर्यंत कुठल्याही सोसायटीत परदेश सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती देश झाले? दहा दिवसांत सात देश, असं उत्तर आलं की ऐकणारा हरखतो. त्या दहा दिवसांतला निम्मा वेळ बसमध्ये, बॅगा भरण्यात आणि सकाळी साडेसहाला नाश्त्याच्या रांगेत गेलेला असतो, हे सहसा कुणी सांगत नाही. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं बरोबर असतील तर एकच शहर निवडावं, आठवडाभर एकाच ठिकाणी मुक्काम ठोकावा आणि रोज एक-दोन गोष्टी सावकाश पाहाव्यात. सहल पुढे वर्षानुवर्षं घरात बोलली जाते ती अशी.

शहर कोणतं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि ऐपतीचा भाग. सिंगापूर आणि दुबई जवळ पडतात, व्हिसाही तुलनेने सोपा. पण छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला लंडनमध्ये जे सापडतं ते दुसरीकडे सापडणार नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला या शहरात आल्या आणि त्यातल्या कितीतरी इथेच जळाल्या. मिलिंद महाविद्यालय उभं करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे शिकले, आणि ते राहिले ते घर आज महाराष्ट्र शासनाच्या मालकीचं आहे. शिवाय बहुतेक मोठी संग्रहालयं फुकट आहेत. लंडन महाग खरंच, पण ते महाग पडतं मुक्कामात आणि हॉटेलातल्या जेवणात. पाहण्याच्या खर्चात ते अनेक स्वस्त शहरांपेक्षाही स्वस्त पडतं.

तारखांपासून सुरुवात करू. मे महिना सोयीचा. शाळांना सुट्टी असते, आपल्याकडे पारा चाळिशीपार गेलेला असतो आणि लंडनला पातळ स्वेटरवर भागतं. दिवस मोठा, महिनाअखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमाराला मावळतो. नोव्हेंबरातल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर साडेचारच्या सुमारालाच अंधारून येतं आणि चहा घेईपर्यंत दिवस संपलेला असतो. मेमध्येही शेवटचा आठवडा टाळावा. त्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते आणि संग्रहालयातले डायनासोर पाहायला अख्खं इंग्लंड लोटतं.

पासपोर्टचं काम आधी उरकावं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे विसरून मोठ्यांच्या दहा वर्षांच्या भरवशावर राहिलेली घरं ऐन वेळी धावाधाव करतात. शहरात टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. व्हिसाचं तसं नाही. ब्रिटनच्या व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज भरल्यावर मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात हजर राहून फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि अर्ज प्रत्येकाचा वेगळा. सहा महिन्यांच्या पर्यटन व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झालं. लहान मुलांना त्यात सवलत नाही. त्या दराने चौघांचे ५०८ पौंड नुसत्या अर्जाचे, आणि व्हिसा नाकारला गेला तर ते परत मिळत नाहीत. हे शुल्क अधूनमधून वाढतं, म्हणून अर्जाच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा आकडा पाहावा.

अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारी तिकिटं काढू नयेत, असं तिथलं सरकारच सांगतं. एजंट काहीही म्हणो.

कागदपत्रांत आपल्याकडच्या दोन अडचणी नेहमीच्या. पहिली शेतीची. मराठवाड्यात घराघरांत थोडीफार जमीन असते आणि उत्पन्नाचा पुरावा म्हणून सातबारा जोडला जातो. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचं प्रमाणित भाषांतर लागतं. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि संपर्क असायला हवा. नुसता सातबारा जोडला तर अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो कोरा कागदच. बँकेच्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक चार लाख जमा झालेले दिसले तर ते कुठून आले, याचाही कागद जोडावा. कापसाची पट्टी असेल तर पट्टी, मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती.

दुसरी अडचण शहराच्या नावाची. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. आता एकाच घरात पासपोर्टवर जुनं नाव, आधारवर नवं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरंच स्पेलिंग, असा प्रकार असतो. त्यासाठी सगळे कागद बदलत बसण्याची गरज नाही. अर्जाबरोबरच्या पत्रात ही दोन्ही नावं एकाच शहराची आहेत, असं एक वाक्य लिहावं, आणि अर्जात पासपोर्टवरचंच स्पेलिंग ठेवावं. विमानाच्या तिकिटावर जुनं नाव दिसू शकतं. चिकलठाण्याच्या विमानतळाचा कोड आयएक्सयू आहे, तो पाहून खात्री करावी.

लंडनला थेट विमानं मुंबईहून सुटतात, साडेनऊ-दहा तासांचा प्रवास. मुंबईला जायला चिकलठाण्याहून विमान, रेल्वे आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग असे तिन्ही मार्ग आहेत. आजी-आजोबा बरोबर असतील तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम करावा. रात्रभर गाडीने जाऊन पहाटेचं विमान पकडलं की पहिले दोन दिवस सगळे पेंगत फिरतात, आणि लंडनमधला एक दिवस मुंबईतल्या एका रात्रीपेक्षा किती तरी महाग असतो.

आता मूळ मुद्दा. लंडनला जाण्याआधी एक रविवार काढून मुलांना अजिंठ्याला न्यावं. लेणी सोमवारी बंद असतात, एवढं लक्षात ठेवावं. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर असूनही ती न पाहिलेली मुलं गारखेड्यात भरपूर आहेत. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सतराव्या लेण्यातल्या जातककथा, एवढं जरी नीट दाखवलं तरी पुष्कळ. कारण लंडनच्या सहलीतला सगळ्यात चांगला धागा इथूनच सुरू होतो.

१८४४ मध्ये मद्रास लष्करातला रॉबर्ट गिल हा अधिकारी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने वर्षानुवर्षं लेण्यांत काम केलं. अजिंठा गावातल्या पारो नावाच्या स्त्रीशी त्याचं नातं जुळलं. तिची समाधी आजही गावात आहे, आणि ना. धों. महानोरांनी या नात्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं. गिलने तैलरंगात केलेले मोठमोठे कॅनव्हास लंडनला पाठवले गेले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि त्यातले बहुतेक जळून गेले. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा नकला करवून घेतल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते. याही नकला लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात ठेवल्या गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथेही आग लागून त्यातल्या कितीतरी नष्ट झाल्या. वाचलेल्या नकला आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. मूळ चित्रांचे रंग दीडशे वर्षांत आणखी उडाले, त्यामुळे या नकलांना आता पुराव्याचं मोल आलं आहे.

हे ऐकून कुणी थेट संग्रहालयात जाऊन अजिंठा शोधू लागेल तर निराशा होईल. हे कॅनव्हास प्रचंड आणि नाजूक, त्यामुळे बहुतेक सगळे साठ्यातच असतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मात्र त्यांची छायाचित्रं पाहता येतात. अजिंठ्याला मोबाइलवर काढलेले फोटो आणि हे पडद्यावरचे ग्रिफिथ्स शेजारी-शेजारी ठेवून पाहणं हा मुलांसाठी उत्तम उद्योग आहे. शिवाय मे २०२५ मध्ये स्ट्रॅटफर्डजवळच्या ऑलिंपिक पार्कात या संग्रहालयाचं ‘ईस्ट स्टोअरहाउस’ सुरू झालं. हे गोदामच लोकांसाठी उघडं आहे. प्रवेश फुकट, आणि आगाऊ नोंदणी करून साठ्यातल्या निवडक वस्तू जवळून पाहायला मागवता येतात. निदान दोन-तीन आठवडे आधी नोंदणी करावी. कोणती वस्तू मिळेल ते संकेतस्थळावरच कळतं.

पण मुलांना खरी मजा क्रिस्टल पॅलेसच्या बागेत. तो काचेचा महाल १९३६ मध्ये पूर्ण जळाला, आता वर फक्त दगडी पायऱ्यांचे चौथरे आणि काही स्फिंक्स उरले आहेत. खाली तळ्याकाठी मात्र १८५४ मधले डायनासोर उभे आहेत. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने तेव्हाच्या तुटपुंज्या माहितीवर ते घडवले. इग्वानोडॉनच्या अंगठ्याचं हाड त्याने नाकावर शिंग म्हणून बसवलं, कारण शास्त्रज्ञांचीच तशी समजूत होती. पाचवीतल्या पोराला ही चूक शोधायला सांगावी आणि आजी-आजोबांना तोवर बाकावर बसवून गिलची गोष्ट सांगावी. बागेला तिकीट नाही. डायनासोरची अधूनमधून डागडुजी चालते, म्हणून जाण्याआधी एकदा चौकशी केलेली बरी. एकाच जागी मुलांचं, आई-बाबांचं आणि म्हाताऱ्यांचं भागावं असं ठिकाण लंडनमध्ये विरळा. टूरच्या बसगाड्या इथे फारशा फिरकत नाहीत, हे आणखी एक बरं.

लंडनमधला दुसरा धागा डॉ. आंबेडकरांचा. ते १९१६ मध्ये प्रथम लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातलं, पण शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. मिळाली. १९२१-२२ मध्ये ते १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतलं. पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून संग्रहालयाची परवानगी अडली होती. २०२० मध्ये ती मिळाली. रहिवासी गल्ली आहे, तेव्हा मोठ्या घोळक्याने आणि घोषणांच्या आवाजात जाऊ नये. जवळचं ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, स्टेशन चॉक फार्म, तिथून चालत जाता येतं. आधी वेळ तपासावी. मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवनात शिकलेले आजोबा बरोबर असतील तर या दिवशी दुसरं काही ठरवू नये. पलीकडच्या प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर संध्याकाळी बसून सगळं शहर दिसतं, तेवढं पुरे.

शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखं मात्र लंडनला शोधू नयेत. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, साताऱ्यापासून त्यांचं प्रदर्शन सुरू झालं. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे, पण तिकीट बरंच महाग. हिऱ्यासमोरून सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायचं असतं, हे आधी सांगितलेलं बरं. नाहीतर ‘एवढ्यासाठी एवढे पैसे?’ हा प्रश्न परतीच्या विमानापर्यंत पुरतो. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावरची संगमरवरासारखी दिसणारी चुनखडीची शिल्पं आहेत. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांनी ती जरूर पाहावीत. शुक्रवारी हे संग्रहालय रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं, आणि संध्याकाळी गर्दी ओसरलेली असते.

नॅचरल हिस्टरी म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही तिन्ही साउथ केन्सिंग्टनला एकमेकांच्या अंगणात आहेत. तिन्ही एका दिवसात उरकायचा मोह होतो. तो टाळावा. पहिल्या दोन तासांनंतर मुलांना देवमासा काय आणि वाफेचं इंजिन काय, सगळं सारखंच दिसू लागतं.

फिरण्याचं गणित एकदा समजलं की पैसे वाचतात. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कार्ड टेकवायचं. बसचं भाडं २०२५ मध्ये १.७५ पौंड होतं आणि तासाभरात बस कितीही वेळा बदलली तरी तेवढंच. दिवसाला एक कमाल रक्कम ठरलेली असते, त्यापुढे कितीही फिरा, जास्त कापलं जात नाही. आठवड्याचीही अशी मर्यादा आहे, पण ती सोमवार ते रविवार मोजतात. म्हणून शक्य असेल तर सोमवारी पोहोचावं. इथे आपली माणसं हमखास फसतात ती एका गोष्टीत. एका कार्डावर एकच माणूस. बाबांनी आपलं कार्ड टेकवून आत जायचं आणि मग तेच आईकडे द्यायचं, असं चालत नाही. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं फॉरेक्स किंवा आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेलं कार्ड हवं, आणि ट्यूबमध्ये जाताना व येताना तेच टेकवायला हवं. अकरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर भाडं नाही. अकरा ते पंधरा वयाच्यांसाठी ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं कार्ड घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला ‘यंग व्हिजिटर’ सवलत टाकायला सांगावी. चौदा दिवस निम्मं भाडं लागतं.

हीथ्रोहून शहरात येण्यासाठी पिकॅडिली लाइन स्वस्त, एलिझाबेथ लाइन जलद. मुक्काम मध्यवस्तीतच हवा असं नाही. ट्यूब स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, झोन दोन किंवा तीनमध्ये, छोटं स्वयंपाकघर असलेलं घर किंवा अपार्टमेंट हॉटेल घ्यावं. जुन्या ट्यूब स्टेशनांवर जिने फार आहेत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी जिने नसलेल्या मार्गांचा वेगळा नकाशा मिळतो, तो पाहूनच घर निवडावं. शक्य तिथे बस घ्यावी. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मुलांना, खालची आजोबांना. चालण्याची सवय मात्र दोन महिने आधीपासून हवी. विभागीय क्रीडा संकुलात सकाळी पाऊण तास फेऱ्या माराव्यात, आणि त्याही लंडनला घालायच्या बुटांतच. नवे बूट घालून विमानात बसणाऱ्याच्या टाचा दुसऱ्या दिवशी सोललेल्या असतात.

डब्याचा विषय नाजूक. ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, साजूक तुपाची बरणी, सगळं बाद. सुकं खोबरं लवकर पेट घेतं म्हणून विमान कंपन्या ते कुठल्याच बॅगेत घेऊ देत नाहीत; खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवाव्यात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, चिवडा, दशम्यांऐवजी तेलावरचे ठेपले, घट्ट झाकणाचं लोणचं चेक-इन बॅगेत, हे चालतं. पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत. डाळ, तांदूळ, कोथिंबीर, हिरवी मिरची नेण्याची गरजच नाही. साउथॉल, वेम्बली आणि हाउन्सलोच्या दुकानांत सगळं मिळतं. रात्री खिचडी-भात घरी केला की दिवसभराच्या सँडविचचा राग निवतो. हाउन्सलोत २०१० मध्ये दोन मराठी मित्रांनी सुरू केलेलं ‘श्रीकृष्ण वडापाव’ आहे, आणि यूस्टन स्टेशनजवळची ड्रमंड स्ट्रीट शाकाहारी भारतीय हॉटेलांसाठी जुनी प्रसिद्ध. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटल्या विकत घेऊ नयेत, घरून रिकाम्या न्याव्यात.

प्रवास विमा कुणीही टाळू नये. तिथली सरकारी रुग्णसेवा पर्यटकाला अपघात विभागात तपासते, पण दाखल करून घ्यावं लागलं तर बिल लागतं, आणि तेही नेहमीच्या दराच्या दीडपट. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, जे असेल ते विम्याच्या अर्जात खरं लिहावं. लपवलेला आजार नेमका तिथेच उफाळतो आणि दावा फेटाळला जातो. गोळ्या मूळ पाकिटात, औषधांची मूळ नावं लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. व्हीलचेअर लागणार असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवावं. लाजायचं कारण नाही, हीथ्रोत चालायचं अंतर मोठं आहे.

एखादी संध्याकाळ माणसांसाठी मोकळी ठेवावी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. त्या आठवड्यात त्यांचा काही कार्यक्रम आहे का, हे निघण्याआधी पाहावं. जाण्यापूर्वी घरात कुणीतरी पु. लं.चं ‘अपूर्वाई’ आणि मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ वाचावं. माहिती जुनी झाली असेल, पण काय पाहायचं यापेक्षा कसं पाहायचं, याची नजर तयार होते.

खरेदीबाबत एक जुना सल्ला आता चुकीचा ठरला आहे. विमानतळावर पर्यटकांना व्हॅट परत मिळायचा, ती सोय इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. त्यामुळे ‘तिथे घेतलं तर कर परत मिळतो’ असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकून महागडं घड्याळ घेऊ नये. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं असेल तर तिने कापलेल्या टीसीएसची, म्हणजे आगाऊ गोळा केलेल्या कराची, नोंद आपल्या प्राप्तिकराच्या वार्षिक पत्रकात दिसते का, ते पाहावं. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती होते किंवा परत मिळते. फॉरेक्स कार्डावर उरलेले पौंड पुढच्या सहलीसाठी ठेवण्याऐवजी परतल्यावर लगेच बँकेत उलटवून घ्यावेत, कारण काही कार्डांवर वापर नसेल तर ठरावीक काळाने शुल्क कापलं जातं.